बाण हरवतो तेव्हा रंगाआधी काठ बघा

नाशिकरोडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळी अकराची बॅच ज्येष्ठांची. बहुतेक जण इथल्या नोटांच्या प्रेसमधून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेले. कुणाला पेन्शनची स्लिप स्वतः काढायची असते, कुणाला गावाकडचा सातबारा बघायचा असतो, कुणाला पुण्याच्या मुलीला मेल करायचा असतो. आणि तासाभरात किमान दहा वेळा कानावर येणारं वाक्य एकच: "अरे, बाण कुठं गेला?" बाण म्हणजे स्क्रीनवरचा, माउसबरोबर हलणारा.

मागच्या पावसाळ्यात एक काका चांगलेच वैतागले. ऑनलाइन फॉर्म भरत होते. पान पांढरं, रकाने पांढरे, बाणही पांढरा. म्हणाले, "तांदळात मीठ सांडून ठेवलंयस आणि मला म्हणतोस वेचा." मी लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन बाण पिवळाजर्द केला. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्या पिवळ्या असतात, म्हणजे पिवळा उठून दिसणारच, असा माझा हिशेब. काकांनी चष्मा वर-खाली केला, मान मागे घेतली आणि म्हणाले, "आता नुसता सांगाडा दिसतोय. आत काहीच नाही."

काका बरोबर होते, मी चुकलो होतो. रस्त्यावरच्या पाटीवर पिवळ्यावर काळी अक्षरं असतात, पिवळ्याच्या मागे पांढरा कागद नसतो. त्या दिवसापासून मी बाणाचा रंग निवडायची पद्धतच बदलली. तीच इथे लिहितो आहे.

आधी शब्दांचा एक गोंधळ मिटवू. आपण सगळ्यालाच कर्सर म्हणतो. सेटिंग्जमध्ये मात्र माउसबरोबर हलणाऱ्या बाणाला "पॉइंटर" म्हणतात आणि टाइप करताना लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेला "टेक्स्ट कर्सर". दोघांची सेटिंग्ज वेगळ्या पानांवर आहेत. चुकीच्या पानावर जाऊन "काही बदलतच नाही" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून आधीच सांगितलं.

अंग आणि काठ

येवला आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा उदाहरण पैठणीचं. साडीचं अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या. बाणाचंही तसंच असतं. विंडोजचा नेहमीचा बाण म्हणजे पांढरं अंग, काळा काठ. मॅकचा उलटा: काळं अंग, पांढरा काठ. हा काठ शोभेसाठी नाही. मागचा पडदा अंगाच्याच रंगाचा झाला की बाणाची सगळी भिस्त काठावर येते.

डोळ्याला वस्तू वेगळी कळते ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकाने. रंगाची छटा त्यानंतर येते. हा फरक मोजायचं सूत्र वेबच्या सुलभतेच्या नियमांत दिलेलं आहे. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांत तो २१ पट असतो, त्याहून जास्त होऊच शकत नाही. दोन सारख्या रंगांत १ पट, म्हणजे फरकच नाही. २०१८ सालच्या नियमावलीत बटणं, चिन्हं अशा अक्षर नसलेल्या गोष्टींसाठी किमान ३ पट फरक मागितला आहे. बाणालाही तीच फूटपट्टी लावू.

आता पांढऱ्या पानावर रंग ठेवून बघा. पिवळ्याचा फरक १.०७ पट, म्हणजे जवळपास शून्यच. आकाशी निळ्याचा १.२५. पोपटी हिरव्याचा १.३७. नारिंगीचा २ च्या आतच. राणी गुलाबीचा ३.१४, काठावर पास. लालचा ४. गडद निळ्याचा ८.५९. काळ्या पडद्यावर हाच क्रम उलटा फिरतो: पिवळा १९.५६ पट उठतो, पोपटी १५ च्या पुढे, आणि गडद निळा २.४४ वर नापास. काकांना सांगाडा का दिसला ते आता कळलं असेल. पिवळं अंग पांढऱ्या फॉर्ममध्ये विरघळलं आणि उरला काळा काठ.

यातून निघणारी सगळ्यात कामाची गोष्ट अशी. पडदा कुठल्याही रंगाचा असो, त्याचा काळ्याशी किंवा पांढऱ्याशी, दोघांपैकी एकाशी तरी, किमान ४.५८ पट फरक असतोच. हे २१ चं वर्गमूळ. एकच रंग सगळीकडे चालेल असं होत नाही. एक काळा भाग आणि एक पांढरा भाग असलेला बाण मात्र कुठेही पूर्ण बुडत नाही. कारखान्यातून येणारा बाण असा दुरंगी असतो तो याच कारणाने. आणि "मला माझा आवडता रंग हवा" म्हणणाऱ्याला मी म्हणतो, घ्या, पण काठ विरुद्ध टोकाचा हवा. अंग उजळ तर काठ काळा, अंग गडद तर काठ पांढरा.

रंगीबेरंगी वॉलपेपरवर तर नुसत्या रंगावर विसंबूच नये. रंगपंचमीला रहाडीतून, म्हणजे रंगाच्या मोठ्या हौदातून, निघालेल्या गर्दीत लाल शर्टावरून आपला माणूस शोधून दाखवा. तिथे अंगकाठीच ओळखावी लागते.

काठ आहे, पण दिसतो का?

काठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. इथे थोडं गणित करतो, कारण बहुतेकांची खरी अडचण इथेच असते.

१५.६ इंची लॅपटॉप, फुल एचडी स्क्रीन, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके). त्यातला एक पिक्सेल साधारण ०.१८ मिलिमीटरचा. डिस्प्लेचं स्केल १०० टक्के आणि बाणाचा आकार सगळ्यात लहान असेल, तर काठ जेमतेम एक पिक्सेल जाड असतो. हातभर अंतरावरून, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून, ०.१८ मिलिमीटर डोळ्याशी जो कोन करतं तो जवळजवळ बरोबर एक कला, एका अंशाचा साठावा भाग. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यात ज्याला ६/६ नजर म्हणतात, ती नजर नेमकी एवढाच तपशील वेगळा ओळखू शकते.

म्हणजे मूळ बाणाचा काठ उत्तम नजरेच्या अगदी हद्दीवर आहे. ६/१२ नजर असलेल्याला तो पुसटच दिसणार. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर पांढऱ्या स्क्रीनचा उजेड डोळ्यात पसरतो आणि बारीक काळी रेघ सगळ्यात आधी गिळली जाते. म्हणून रंग बदलण्याआधी आकार वाढवा. बाण मोठा झाला की काठही जाडावतो, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

"पण बाण मोठा केला की नेम चुकेल" ही भीती खूप जणांना असते. तसं काही होत नाही. बाण केवढाही असो, क्लिक होते ती टोकाच्या एका पिक्सेलवर. मोठ्या बाणाचा त्रास वेगळाच आहे: तो टोकाखालचा मजकूर झाकतो. म्हणून हाताला एक सवय लावा. दुव्यावर जाताना बाण खालून वर न्या, म्हणजे शब्द उघडा राहतो. याचं उलटंही खरं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मोठा बाण क्लिकसाठी मदत करत नाही. त्यांना बटणं मोठी लागतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून पान मोठं करा.

स्वतःची चाचणी

कुणाच्या सांगण्यावरून रंग निवडू नका, माझ्यासुद्धा. दहा मिनिटांची चाचणी करा.

पेंट उघडा. कागदावर सहा उभे पट्टे काढून भरा: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा आणि राखाडी. राखाडीसाठी "एडिट कलर्स"मध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा या तिन्ही चौकटींत १२८ लिहा. हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण पुढे येईल. चित्र सेव्ह करा आणि पेंट बंद करून ते फोटोजमध्ये उघडा. पेंटमध्येच तपासायला गेलात तर बाणाची फुली होते आणि तुम्ही भलतीच गोष्ट तपासत बसता. माझा यात एक अख्खा तास गेला होता.

आता रोजच्या जागी, रोजच्या चष्म्याने, रोजच्या उजेडात बसा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मान नेहमीसारखीच ठेवा, मुद्दाम सरळ करू नका. डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी माउस कुठेही सरकवायला सांगा. डोळे उघडा आणि मनात आकडे मोजा. "दोन" म्हणायच्या आत बाण सापडला तर ठीक. प्रत्येक पट्ट्यावर तीन-तीन वेळा करा. जिथे उशीर होतो तो पट्टा लिहून ठेवा. मग तुम्ही रोज जी खिडकी सर्वांत जास्त वेळ बघता, बँकेचं पान असेल, एक्सेल असेल, यूट्यूब असेल, तिच्यावर हेच करा. निर्णय या शेवटच्या चाचणीवर घ्यायचा. पट्टे फक्त कच्चा दुवा दाखवण्यासाठी.

विंडोजमध्ये बदल कसा करायचा

कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून यू दाबा. सुलभतेची सेटिंग्ज थेट उघडतात. बाण सापडत नसतानाही हे जमतं, हेच त्यातलं सुख. विंडोज ११ मध्ये तिथे "माउस पॉइंटर अँड टच" निवडा. विंडोज १० मध्ये "ईझ ऑफ ॲक्सेस"खाली "माउस पॉइंटर" आहे. रंगीत बाणाची सोय विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आहे. त्याआधीचं विंडोज असेल तर रंग मिळणार नाही, पण मोठा काळा बाण मिळेल. तो कंट्रोल पॅनेलमधल्या माउसच्या "पॉइंटर्स" टॅबमध्ये, "विंडोज ब्लॅक"च्या लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज अशा जोड्यांत सापडेल.

१. आधी "साइज"ची पट्टी. १ ते १५ पर्यंत जाते. १ वरून थेट ३ वर न्या आणि थांबा. ज्येष्ठांसाठी ३ ते ५ मध्ये जम बसतो असा माझा अनुभव. ८ च्या वर गेलात की बाण मजकुरावर हत्तीसारखा बसतो. तेवढा खरोखर कमी दृष्टी असेल तरच.

२. मग "स्टाइल". चार चौकटी दिसतील: पांढरा, काळा, उलटा होणारा आणि स्वतःच्या पसंतीचा रंग.

३. चौथी चौकट निवडली की खाली सुचवलेल्या रंगांची रांग येते, आणि हवा तो रंग निवडायचीही सोय असते. रंग दाबल्याबरोबर बाण बदलतो, वेगळं सेव्ह करावं लागत नाही. काठ नीट दिसतोय ना, हे पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही पट्ट्यांवर नेऊन तपासा.

४. टाइप करताना रेघ हरवत असेल तर आता "टेक्स्ट कर्सर"च्या पानावर जा. तिथे "टेक्स्ट कर्सर इंडिकेटर" चालू केला की रेघेच्या वर-खाली रंगीत गोळे येतात, आणि खालच्या पट्टीने रेघ जाड करता येते. मराठीत टाइप करताना ही रेघ काना आणि वेलांटीच्या उभ्या दांड्यांत अगदी मिसळून जाते. इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा आपल्याला ही जाड रेघ जास्त लागते, असं माझं ठाम मत आहे.

मग कोणता घ्यायचा? ज्यांचं काम बहुतेक पांढऱ्या पानांवर आहे, म्हणजे फॉर्म, वर्ड, टॅली, बातम्या, त्यांना काळं अंग आणि पांढरा काठ, आकार ३ किंवा ४. काकांना शेवटी हेच दिलं. दिवसभर गडद थीमवर काम करणाऱ्या पोरांना पिवळा किंवा पोपटी, काळ्या काठाचा. दोन्हीकडे सारखी ये-जा असेल तर राणी गुलाबी वाईट नाही: पांढऱ्यावर ३.१४, काळ्यावर ६.७, आणि ऑफिसच्या कामात हा रंग मागे क्वचितच येतो. लाल मात्र जपून. पांढऱ्यावर तो छान दिसतो, पण लाल-हिरव्याचा गोंधळ होणाऱ्या काही पुरुषांना लाल मुळातच काळपट दिसतो; गडद पडद्यावर त्यांचा बाण गायबच. घरात कुणाला हा त्रास आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं.

उलट्या बाणाची गोम

तिसरी चौकट, म्हणजे उलटा होणारा बाण, वरवर पाहता सगळ्यांत हुशार वाटते. पांढऱ्यावर गेला की काळा, काळ्यावर गेला की पांढरा, निळ्यावर पिवळा. मागच्या पिक्सेलचा आकडा २५५ मधून वजा करायचा आणि येईल तो रंग दाखवायचा, एवढंच तो करतो. काळा म्हणजे ०, त्याचा होतो २५५, पांढरा. उत्तम.

आता तो आपल्या १२८ च्या राखाडी पट्ट्यावर न्या. २५५ वजा १२८ म्हणजे १२७. १२८ च्या शेजारी १२७! बाण डोळ्यांदेखत विरून जातो, जणू नव्हताच. क्लासमध्ये मी हे करून दाखवतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात, पण फोटोशॉपमध्ये लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांना हा खेळ परवडत नाही. तिथे ब्रशची गोल रेघही मधल्या राखाडीवर अशीच हरवते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कॅप्स लॉक दाबणं. ब्रशच्या गोलाऐवजी बारीक फुली येते. फुली आली नाही तर माउस हलवत राहा, हललेली वस्तू डोळा लगेच टिपतो. आणि उलट कुणाचा ब्रश अचानक फुली झाला असेल तर कॅप्स लॉक चुकून दाबलं गेलं आहे. दुरुस्तीसाठी पैसे देऊ नका.

काही प्रोग्रामचा बाण आपलं ऐकत नाही

विंडोजमध्ये बाण छान केला, एक्सेल उघडलं, आणि पुन्हा तीच जाड पांढरी फुली. हा तुमचा दोष नाही. काही प्रोग्राम स्वतःचे पॉइंटर घेऊन येतात, त्यांच्यावर विंडोजचा रंग चढत नाही.

एक्सेलमध्ये सगळ्यांत जास्त छळते ती बारीक काळी फुली, खान्याच्या कोपऱ्यात धरून खाली ओढायची ती. तिला काठच नाही. कांद्याच्या आडतीचे हिशेब ठेवणारा आमचा एक विद्यार्थी चुकतं झालेल्या नोंदींना गडद हिरवा रंग देई, आणि मग त्याच खान्यावर ती फुली शोधत बसे. दोन मार्ग आहेत. एक, खान्यांचे रंग फिके ठेवा. फिक्या हिरव्यावरही "चुकतं" कळतंच. दोन, ओढूच नका. वरच्या खान्यापासून खालपर्यंत निवडा आणि कंट्रोल डी दाबा, मजकूर खाली भरला जातो. तो आता फुलीला हातही लावत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ड्रॉइंगवर काम करणाऱ्यांसाठी: ऑटोकॅडची फुली ऑटोकॅडच्याच "ऑप्शन्स"मध्ये बदलते. "डिस्प्ले" टॅबमध्ये "कलर्स"वर जाऊन क्रॉसहेअरचा रंग बदला. लांबीची पट्टीही त्याच टॅबमध्ये आहे. मुळात ती ५ वर असते, १०० केली तर रेघा स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. १०० वर काम करणारे जुने ड्राफ्ट्समन मला माहीत आहेत. रेषा सरळ आहे का हे त्यांना फुलीवरूनच कळतं. माझ्या डोळ्यांना ते जाळं वाटतं, मी २० वर थांबतो.

आणि वेबसाइट बनवणाऱ्यांना एक विनंती. पानावर बाणाऐवजी फुलपाखरू, मोदक, नाहीतर संस्थेचा लोगो लावू नका. असं केल्याने वाचणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांसाठी लावलेला मोठा बाण तुम्ही हिसकावून घेता. पोरं उतरवून घेतात ते चमकत्या शेपटीचे फुकट कर्सरही मी लावू देत नाही, कारण त्या फायलींबरोबर दुसरंच काहीतरी मशीनमध्ये शिरतं.

प्रोजेक्टर आणि मोबाइलवरचे विद्यार्थी

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळा म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती भिंत, आणि ट्यूबलाइट चालू असेल तर ती भिंत राखाडीच दिसते. म्हणजे २१ पटीचा फरक वर्गात कुठच्या कुठे घसरतो. पिवळा, पोपटी, आकाशी यांची भिंतीवर पार वाट लागते. अशा वेळी काळा मोठा बाण, आकार ५ च्या पुढे, आणि भिंतीजवळची एक ट्यूब बंद. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये माउस तीन सेकंद स्थिर राहिला की बाण आपोआप लपतो, हेही ध्यानात असू द्या. तिथे कंट्रोल एल दाबलं की बाणाऐवजी लेझरसारखा ठिपका येतो, भिंतीवर तो बाणापेक्षा बरा.

ऑनलाइन शिकवणीचं गणित आणखी वाईट. विंडोजचा मूळ बाण साधारण १९ पिक्सेल उंच, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर साडेतीन मिलिमीटरच्या आत. तीच स्क्रीन विद्यार्थी साडेसहा इंची मोबाइलवर आडवी धरून बघतो तेव्हा बाण जेमतेम सव्वा मिलिमीटरचा उरतो. त्यात नेट अडकत असेल तर व्हिडिओ दाबून पाठवला जातो आणि एक पिक्सेलचा काठ सगळ्यात आधी पुसला जातो. तुम्ही "हे इथे बघा" म्हणता आणि पलीकडे तीस पोरं काहीच बघत नसतात. शिकवताना आकार निदान ६ ठेवा आणि एकदा स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्याच मीटिंगमध्ये शिरून बघा.

तरी हरवला तर

डोळ्याच्या कडेला रंग नीट कळत नाही, हालचाल मात्र चटकन कळते. म्हणूनच आपण सगळे न शिकवता माउस जोरजोरात हलवतो. मॅकने २०१५ पासून याचाच फायदा घेतला आहे: माउस हलवला की बाण क्षणभर फुगतो.

विंडोजमध्ये "ब्लूटूथ अँड डिव्हायसेस"मधून "माउस", तिथून "ॲडिशनल माउस सेटिंग्ज", मग "पॉइंटर ऑप्शन्स" टॅब. सगळ्यात खालची खूण, कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवणारी, लावून टाका. मग कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. वर्तुळं बारीक वाटली तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज हे मोफत साधन घ्या. त्यात डावं कंट्रोल दोनदा दाबलं की सगळी स्क्रीन काळवंडते आणि बाणावर झोत पडतो. विंडोजच्या त्या "पॉइंटर ऑप्शन्स" टॅबमध्ये बाणामागे शेपटी सोडायची सोयही आहे. मला ती आवडत नाही. बाण एक असताना पाच दिसतात आणि काका विचारतात, यातला खरा कुठला.

टाइप करताना बाण लपवायची खूणही तिथेच असते. "टाइप करताना बाण नाहीसा होतो" अशी तक्रार असेल तर ती काढा.

मॅक असेल तर "सिस्टिम सेटिंग्ज", "ॲक्सेसिबिलिटी", "डिस्प्ले", तिथे "पॉइंटर". २०२१ च्या मॉन्टेरेपासून इथे अंगाचा आणि काठाचा रंग वेगवेगळा निवडता येतो. विंडोजवाल्यांनी हेवा करावा अशी ही एकच गोष्ट. क्रोमबुकवर सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये कर्सरचा आकार आणि रंग मिळतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर सुलभतेच्या पानावर आकार वाढवता येतो. मोबाइलला ओटीजी केबलने माउस लावत असाल तर अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये "लार्ज माउस पॉइंटर" शोधा.

केलेला बदल टिकत नसेल

बाण काळा केला आणि चार दिवसांनी पुन्हा पांढरा झाला, असं झालं तर बहुधा कुणीतरी थीम बदलली. "ॲडिशनल माउस सेटिंग्ज"मधल्या "पॉइंटर्स" टॅबवर थीमला बाण बदलू देणारी एक खूण असते, ती काढून टाका. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी "नाइट लाइट" लावल्यावर काही मशीनवर बाण तेवढा पांढराशुभ्रच राहतो. तो बिघाड नाही. बाण बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड उरलेल्या चित्रावर वेगळ्या थरात ठेवतं, आणि पिवळेपणा त्या थरापर्यंत पोचत नाही.

आणि एकच कॉम्प्युटर घरात सगळे वापरत असतील तर भांडणं होतात. आजोबांचा मोठा बाण नातीला नको असतो. बाणाचं सेटिंग अकाउंटनुसार वेगळं राहतं, म्हणून "अकाउंट्स"मध्ये जाऊन प्रत्येकाचं अकाउंट वेगळं करा. आमच्या क्लासमधल्या पाच नंबरच्या मशीनवर आता दोन अकाउंट आहेत, एक सकाळच्या बॅचचं, एक संध्याकाळच्या. सकाळचा बाण काळा, आकार ४. संध्याकाळचा पोरांनी भडक गुलाबी करून ठेवलाय. काळा काठ आहे त्याला, म्हणून मी काही बोललो नाही.